झाडात दोर कसा लावायचा: वजन, दोरी आणि बेचक्याची पारख

कोकणातल्या एखाद्या जुन्या रायवळ आंब्याखाली उभं राहून वर पाहा. पहिली फांदीच पंधरा-वीस फुटांवर. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. जमीन उताराची, पायाखाली जांभा, शिडी टेकवायला सरळ जागा नाही. काम मात्र पन्नास फुटांवर, कारण बांडगुळानं धरलेल्या फांद्या वरच आहेत. अशा झाडावर जिवाला न घोर लावता काम करायचं, तर माणसाच्या आधी दोर वर पोचलेला हवा.

पद्धत सांगायला सोपी आहे. छोट्या वजनदार पिशवीला बारीक, गुळगुळीत दोरी बांधायची. पिशवी हव्या त्या बेचक्यातून, म्हणजे फांद्यांच्या फाट्यातून, पलीकडे फेकायची. ती खाली आली की दोरीला चढाईचा दोर जोडायचा आणि ओढून घ्यायचा. करायला मात्र ही गोष्ट सरावाची आहे. अमेरिकेत सेंट लुईसला १९७६ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय वृक्षारोहण स्पर्धेत नुसती दोरी लावण्याचा वेगळा प्रकार असतो, यावरून तिचं महत्त्व लक्षात यावं. आपल्याकडेही सुतळीला दगड बांधून फांदीवरून टाकायची रीत जुनीच आहे. पुढे जे लिहिलंय ते त्याच रितीचं सुधारलेलं रूप.

लेखात ‘वजन’ म्हणजे फेकायची पिशवी, ‘दोरी’ म्हणजे तिला बांधलेली बारीक दोरी आणि ‘दोर’ म्हणजे ज्यावर माणूस चढतो तो. हा फरक शेवटपर्यंत ध्यानात ठेवा. दोरीवर माणसाचा भार कधीही टाकायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही.

या कामात मला सगळ्यात धोक्याचा वाटणारा शब्द ‘चालेल’ हा आहे. दहा वेळा फेकून हात भरून येतात, अकराव्या वेळी वजन हव्या त्या बेचक्यात न जाता शेजारच्या बारक्या फांदीवरून खाली येतं, आणि खालून कुणीतरी म्हणतं, ‘चालेल की!’ नाही चालत. निवडलं होतं तेच बेचकं मिळेपर्यंत दोर वर जाता कामा नये. दोरी लावायची जवळपास सगळी तंत्रं ही मनाजोगतं बेचकं मिळवण्यासाठीच आहेत.

सामान

तयार मिळणारी वजनं साधारण २०० ते ४५० ग्रॅमच्या दरम्यान असतात. पेट्झल कंपनीची २५०, ३०० आणि ३५० ग्रॅमची येतात, अमेरिकन कंपन्यांची औंसात, म्हणजे ८ ते १६ औंस. एकच घ्यायचं असेल तर ३०० ग्रॅमचं घ्या. आंब्याला ते बरोबर बसतं. ऐन, चिंच, बाभूळ अशा भेगाळलेल्या सालीच्या झाडांवर दोरी सालीत अडकते आणि हलकं वजन वरच लटकत राहतं, तिथे ३५० किंवा त्याहून जड लागतं. अर्जुन, निलगिरी यांची साल गुळगुळीत. तिथे २५० ग्रॅम पुरतं आणि ते उंचही जातं. मी दोन वजनं बाळगतो, आणि ती वेगवेगळ्या रंगांची. दोन का, ते पुढे येईलच.

बाहेरचं सामान महाग पडतं आणि यायला वेळ लागतो, म्हणून अनेक जण वजन घरी करतात. चांगलं होतं, फक्त आकार सांभाळा. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, साधारण वीतभर पिशवी हवी. गोल पोटाची पिशवी बेचक्यात पाचर बसावी तशी बसते. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं मिळतं, किंवा बेअरिंगच्या दुकानातून पोलादी छर्रे आणा. जाड कॅनव्हासच्या दुहेरी पिशवीत भरा, थोडी जागा मोकळी सोडा म्हणजे पिशवी लवचीक राहील, आणि तोंडाशी पट्टा घालून छोटी वेल्ड केलेली रिंग बसवा. शिवण मोच्याकडून मेणाच्या दोऱ्यानं करून घ्यावी. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, विशेषतः जेवणाआधी. दगड, नट-बोल्ट, कुलूप असलं काही बांधून फेकू नका. कडक वस्तू फांदीवर आपटून कुठेही उसळते, आणि अडकली की निघत नाही.

दोरी डायनीमाची, म्हणजे एका फार मजबूत कृत्रिम धाग्याची, १.८ ते २.२ मिलिमीटर जाडीची. ती ताणत नाही, पाणी पीत नाही आणि सालीवरून निसटत जाते. नायलॉनची मासेमारीची तंगूस ताणते आणि हात कापते. सुतळी खरखरीत असते, ओली झाली की फुगते. लांबीचा माझा हिशेब असा: बेचकं ६० फुटांवर, म्हणजे सुमारे १८ मीटर. वर जायला १८, खाली यायला १८, आणि बाजूला उभं राहून हाताळायला आणखी दहा-बारा. म्हणून ५० ते ६० मीटरची दोरी घ्यावी. रंग केशरी किंवा पिवळा. हिरवी दोरी पानांत दिसतच नाही.

डायनीमा निसरडी असल्यामुळे साध्या गाठी सुटतात. रिंगेत दोन वळसे घ्या, मग तीन अर्ध्या गाठी, टोक चार बोटं शिल्लक ठेवा आणि गाठ ओढून घट्ट बसवा. गाठ बारीक राहते, आणि खाली आल्यावर सोडवताही येते. हे सोडवता येणं फार महत्त्वाचं आहे.

दोरीची वेटोळी करू नका. पतंगाच्या मांज्याचा गुंता ज्यानं सोडवलाय त्याला कारण सांगायला नको. रुंद तोंडाच्या घमेल्यात किंवा बादलीत दोरी हातानं सुटी सुटी सोडत जायची, जशी पडेल तशी. वरचा भाग आधी निघतो आणि फेकताना एकही गाठ पडत नाही. घडी होणारे कापडी चौकोनी डबे यासाठीच मिळतात, पण घमेल्यानं माझं कधी अडलं नाही.

याशिवाय हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि दुर्बीण. दुर्बीण चैन नव्हे. तिच्याशिवाय पन्नास फुटांवरची फांदी जिवंत की वाळकी, हे सांगता येत नाही.

आधी पाहायचं

मालवणकडच्या एका बागेत बांडगूळ काढणारे एक काका होते. मी पहिल्या दिवशी उत्साहानं वजन हातात घेऊन झाडाखाली गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. ‘झिला, आदी बघ, मगे मार.’ ते झाडाभोवती पूर्ण फेरी मारायचे, मध्येच थांबून वर पाहायचे, मग उलट्या दिशेनं दुसरी फेरी. एका बाजूनं न दिसलेली गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसते, एवढंच त्यांचं म्हणणं. मी आजही दोन फेऱ्या मारतो.

पहिली नजर विजेच्या तारांकडे. वजन चुकून जास्तीत जास्त जिथवर जाऊ शकेल त्या टप्प्यात तार असेल, तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय फेकायचं नाही. पावसात भिजलेली, मातीनं माखलेली दोरी तारेवर पडली तर खाली दोरी धरलेल्या माणसाचं काय होईल, हे सांगायला नको.

दुसरी नजर आग्या मोहोळाकडे. आपल्याकडच्या झाडांवर हा धोका फांदी तुटण्याइतकाच खरा आहे. जाड आडव्या फांदीखाली काळपट, अर्धवर्तुळाकार चादर लटकावी तसं ते दिसतं, आणि सावलीत असलं तर दिसतही नाही. काही वर्षांपूर्वी एका देवळामागच्या वडावर मी दोन फेऱ्या मारल्या होत्या, पण दुर्बीण गाडीत राहिली होती. तिसरी फेक बेचक्यातून नीट गेली. वजन खाली येताना बाजूच्या फांदीखालची सावली हलली. त्या काळ्या चादरीवरून वरून खाली एक लहर सरकत गेली, पाण्यावर वारा फिरावा तशी. मधमाश्या एकापाठोपाठ एक अंग उचलतात तेव्हा अशी लहर उठते आणि ती इशाऱ्याची असते. मी दोरी तिथेच टाकली आणि सगळ्यांना हळू आवाजात मागे घेतलं. तरी एका मुलाला मानेवर आठ-दहा डंख बसले. दुर्बीण आणायला दोन मिनिटं लागली असती. त्या मुलाच्या आईला तोंड दाखवताना मला काय वाटलं ते मी विसरलेलो नाही. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

आंब्यावर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतात. त्यांनी जीव जात नाही, पण दोरावर चढलेला माणूस हात सोडून खाजवायला लागला तर जाऊ शकतो. पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत किंवा कुठल्याही पक्ष्याचं अंडी-पिल्लांचं घरटं दिसलं तर काम पुढे ढकला. शहरात फांद्या छाटायच्या असतील तर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी हातात हवी.

बेचकं निवडणं

मराठीत फांद्यांच्या फाट्यालाही बेचकं म्हणतात आणि गलोलीच्या लाकडालाही. आपलं काम दोन्हींशी आहे, पण जीव पहिल्यावर टांगलेला असतो.

खोडाजवळचं बेचकं घ्या. फांदी जिवंत आणि मुळाशी निदान मनगटाहून बरीच जाड, चार इंचांच्या वर. तीही मजबूत जातीच्या झाडाची असेल तरच. फाट्याचा आकार उघड्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये असतो तसा गोलसर हवा. दोन फांद्या एकमेकींना चिकटून वर गेल्या असतील आणि सांध्यात साल आत चिणली गेली असेल, तर तो सांधा लाकडानं जोडलेलाच नसतो. असा सांधा दुर्बिणीतून काळ्या चिरेसारखा दिसतो. त्यात दोर आवळला की पाचर ठोकल्यासारखा परिणाम होतो.

झाडाची जात बघा. चिंच चिवट. जांभूळ, शेवगा, पांगारा यांवर हिरवी फांदीही दगा देते, हे खेड्यातल्या प्रत्येक आईनं मुलाला सांगितलेलं असतं आणि ते खरं आहे. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष रस्त्याकडेला पावसाळ्यात फांद्या टाकतात ते आपण दर वर्षी बघतो. आंबा मधला. निरोगी फांदी भरवशाची, पण जुन्या झाडांत भिरुडाची अळी आतून लाकूड पोखरते. सालीवर किंवा बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, साल फुटून रस ओघळलेला दिसला, तर ती फांदी सोडा. बुंध्याशी किंवा फांदीवर कठीण अळंबी उगवलेली असेल तर आत लाकूड कुजतंय. अशा झाडाला दोर लावायचाच नाही. तिथे काम वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं.

पहिली निवड मनात पक्की करा आणि सोबत्याला बोट दाखवून सांगा: ‘डावीकडची जाड फांदी, तिच्यावरचं दुसरं बेचकं.’ दोघांच्या मनात एकच बेचकं असलं की नंतर ‘चालेल’ म्हणण्याचा मोह कमी होतो.

एका हाताची फेक

तीस-चाळीस फुटांपर्यंत ही पुरते, आणि नेम हिचाच सगळ्यात चांगला बसतो. मैदानात, खालच्या फांदीवर शंभर वेळा करून बघा, मग खऱ्या झाडाकडे जा.

घमेलं आपल्या पुढ्यात, थोडं बाजूला ठेवा. दोरी तिथून मोकळी निघाली पाहिजे. वाटेत चप्पल, गवत, कंबरेचं कडं काही येता कामा नये. झाडाला अगदी चिकटून उभं राहू नका, दहा-पंधरा फूट मागे या. बेचक्याची उघडी बाजू आपल्यासमोर यावी अशी जागा शोधा. वजनापासून दोन-अडीच फुटांवर दोरी धरा. बोटांभोवती गुंडाळायची नाही, नुसती चिमटीत धरायची. हात सरळ ठेवून लंबकासारखं वजन पुढे-मागे झुलवा. झोका हातानं द्यायचा नाही, खांद्यानं द्यायचा, आणि गुडघे थोडे वाकवून अंगानं. दोन झोके ताल धरायला, तिसरा सोडायला.

सोडायची वेळ हेच सगळं मर्म आहे. वजन वर येत असताना, हात नजरेच्या रेषेत बेचक्याकडे रोखलेला असताना, चिमटी उघडा. उशीर झाला तर वजन उभं वर जाऊन आपल्याच डोक्यावर येतं, लवकर सोडलं तर सरळ रेषेत खोडावर आपटतं. सुटल्यावर हात तसाच बेचक्याकडे रोखून ठेवा. हात लगेच खाली घेणाऱ्याची फेक हमखास वाकडी जाते. नेम बेचक्यावर न धरता त्याच्या दोन फूट वर धरा, म्हणजे वजन कमानीवरून उतरतानाच त्यात शिरेल.

वजन फार जोरात जाऊ लागलं तर दोरीवर हळूच बोट टेकवून वेग कमी करता येतो. हातमोजा घालूनच. ही युक्ती जमली की वजन बेचक्याच्या पलीकडे लगेच खाली येतं, पुढच्या चार फांद्या गाठत नाही.

दोन हातांची फेक

त्याहून उंचीसाठी. वजनाला बांधलेली दोरी हातभर वर धरा, तिचा दुमड करून वजनाच्या रिंगेतून ओवा. आता एका हातात तो दुमड आणि दुसऱ्या हातात दोरी, मध्ये वजन पाळण्यासारखं गुडघ्यांच्या उंचीवर लटकतंय. पाय फाकून उभे राहा, वजन दोन्ही पायांमधून मागे न्या आणि सरळ रेषेत पुढे आणा. दोन झोक्यांनंतर पाठ आणि पाय सरळ करत दोन्ही हात एकदम सोडा. दुमड रिंगेतून निसटतो आणि वजन दोरी घेऊन वर जातं. दोन्ही हात एकाच क्षणी सुटले नाहीत तर वजन बाजूला जातं, सुरुवातीला हमखास होतं. पन्नास-साठ फूट या फेकीनं गाठता येतात. पाठीला ताण पडतो, म्हणून दहा-बारा फेकींनंतर मी सोबत्याच्या हाती वजन देतो.

त्याहून उंच निलगिरी किंवा सह्याद्रीतल्या जंगलातल्या झाडांसाठी उभ्या काठीवर बसवलेली मोठी गलोल वापरतात. बाजारात मिळते ती आठ फूट काठीची. काठी पायानं जमिनीत दाबून धरायची, पिशवी रबराच्या झोळीत ठेवायची, खाली ओढून सोडायची. ताकद भयंकर असते. पलीकडे रस्ता, घर, शाळा, गोठा काहीही असेल तर ती वापरू नका. दोरी काठीच्या पुढे पडलेली असावी, पायांभोवती आली तर घोटा ओढला जातो.

वजन खाली आणणं

वजन बेचक्यातून गेलं, पण हवेत लटकतंय, खाली येत नाही. असं नेहमी होतं, आणि कारण समजलं की उपाय सुचतो. दोरी फांदीवरून अर्धा वळसा घेते तेव्हा घर्षण गुणाकारानं काम करतं. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, ०.३ धरला तर अर्ध्या वळशात ओढ सुमारे अडीच पटींनी घटते. ३०० ग्रॅमचं वजन आपल्या बाजूला सव्वाशे ग्रॅमहून कमी ओढ देतं. दोरी आणखी एका फांदीवरून तेवढीच वळली असेल तर उरतात जेमतेम ४५ ग्रॅम. आपल्या बाजूला लोंबणाऱ्या दोरीचं स्वतःचं वजनही उलटं खेचत असतं.

म्हणून खेचाखेची न करता दोरी ढिली सोडा आणि मनगटानं झटका देत तिच्यात लाट पाठवा, वजन थोडं थोडं उतरेल. दोरी सरळ, वळशाविना फांदीवर यावी अशा ठिकाणी सरकून उभे राहा. तरी नाही आलं तर परत ओढून घ्या आणि जड वजन लावा.

हवी ती फांदी वेगळी काढणं

समजा वजन तुमच्या बेचक्यातून गेलं खरं, पण वाटेत बाहेरच्या एका बारक्या फांदीवरूनही दोरी गेलीय. दोर असाच चढवला तर भार त्या बारक्या फांदीवर येईल. दुसरं वजन इथे कामाला येतं.

पहिलं वजन पलीकडे जमिनीवर उतरवा. तुमच्या बाजूच्या दोरीच्या टोकाला दुसरं वजन बांधा. आता पलीकडे जाऊन पहिल्या वजनाची दोरी हळू ओढा. दुसरं वजन वर चढतं, बारक्या फांदीपाशी येतं, तिच्यावरून अलगद पलीकडे घरंगळतं. ते बारकी फांदी आणि बेचकं यांच्या मधल्या जागेत आलं की थांबा. दोरी ढिली सोडा. वजन त्या मधल्या जागेतून खाली येईल आणि दोरी फक्त हव्या त्या बेचक्यात उरेल. सोबती दुर्बिणीतून बघून सांगत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. एकट्यानं केलं तर अर्धा तास लागतो.

अडचण बाजूच्या फांदीची असेल तर वजन बेचक्याखाली दोन-तीन फुटांवर धरून दोरीला तालात झोके द्या. वजन झुलायला लागतं, आणि हव्या त्या बाजूला गेलं की सोडायचं. मला ही युक्ती आवडते. हात फार थोडा हलतो आणि चाळीस फुटांवर वजन आज्ञा ऐकल्यासारखं फिरतं.

अडकलं तर

अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण टाळता येतं. वजन खाली आल्यावर ते तसंच परत बेचक्यातून ओढू नका. आधी गाठ सोडा, वजन काढा, नुसती दोरी ओढा.

तरीही अडकलं तर पहिली गोष्ट, थांबा. जितकं ओढाल तितकं घट्ट बसेल. ढिली सोडून हलवा, दिशा बदला, शक्य तर विरुद्ध बाजूनं खेचा. दुसरी दोरी अडकलेल्या दोरीवरून टाकून वेगळ्या कोनातून ओढता येते. शेवटचा उपाय म्हणून जोर लावायचाच असेल तर दोरी जाड काठीला गुंडाळा, हाताला कधीही नाही. आणि वजनाच्या रेषेत उभे राहू नका. डायनीमा ताणत नाही, पण फांदी धनुष्यासारखी वाकते, आणि सुटली की वजन गोळीसारखं येतं. सगळ्यांना दूर पाठवा, चष्मा घाला, खोडाआडून ओढा.

दोर चढवणं आणि पारखणं

दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, झाडावरच्या कामासाठी बनवलेला, कमी ताणणारा. गिर्यारोहणाचा ताणणारा दोर इथे नको. दोरी दोराच्या टोकाशी फुगीर गाठीनं बांधलीत तर ती बेचक्यात अडकेल. टोकापासून वीतभर आत क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढे एकमेकांवर आवळणारी गाठ, बांधा, मग टोकाकडे येत चार-चार बोटांवर अर्ध्या गाठी मारत या, शेवटची अगदी टोकाशी. वरून चिकटपट्टीचे दोन वेढे. दोर निमुळत्या शेपटीसारखा सरकत जातो. एकानं सावकाश ओढायचं, दुसऱ्यानं दोर वर पोचवत राहायचं.

दोर नुसता सालीवर घासत राहिला तर झाडाची साल आणि तिच्याखालचा जिवंत थर दोन्ही जातात. आंब्यावर ती जखम पुढे रोगाला वाट करून देते. म्हणून दोराला बेचक्यापाशी आवरण घाला. तयार मिळतात, नाहीतर जुन्या अग्निशामक होजचा हातभर तुकडा दोरावर ओवून दोरीनंच वर ओढून घ्या.

दोराचं एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्या बाजूनं चढणार असाल तर एक हिशेब विसरू नका. सामानासकट ८० किलोचा माणूस दोरावर आला की बुंध्याकडची बाजूही जवळपास तेवढंच ओढते, म्हणून बेचक्यावर १६० किलोच्या आसपास भार येतो. चढण्याआधी दोघांनी मिळून दोरावर लोंबून पाहायचं, आधी हळू, मग गुडघे वाकवून झटके देत. तिसरा दुर्बिणीतून बेचक्याकडे बघतो. फांदी वाकून परत आली तर ठीक. कुठे करकर ऐकू आली, साल सुटली, सांध्यातली चीर रुंदावली, की दोर खाली. बुंध्याची गाठ अशी असावी की वर माणूस जखमी झाला तर खालच्याला तो दोर सोडून त्याला उतरवता येईल. इथून पुढचं, म्हणजे हार्नेस (कंबरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), प्रुसिक (दोरावर सरकणारी आणि भार आला की आवळणारी गाठ) आणि प्रत्यक्ष चढाई, वाचून शिकायची गोष्ट नाही. शिकवलेल्या माणसाबरोबर जमिनीपासून दहा फुटांवर शिका.

संध्याकाळी दोर काढताना त्यातली प्रत्येक गाठ आधी सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर काम असेल तर दोराच्या शेपटीला दोरी बांधून दोर ओढून घ्या, बारीक दोरी वर राहू द्या आणि तिची दोन्ही टोकं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी बुंध्याला उंचावर बांधा. सकाळी ती तशीच असली तरी मोहोळाची पाहणी, बेचक्याची पारख आणि दोघांच्या भाराची चाचणी मी पहिल्यापासून करतो. रात्रीत वारा होऊन गेलेला असतो, आणि दोरी कुरतडायला खारीला फार वेळ लागत नाही.